आधी समोर कोण बसलंय ते बघ

सातवीत वक्तृत्व स्पर्धेत मी पाठ केलेलं भाषण मध्येच विसरले आणि रडत खाली उतरले, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मराठीच्या बाईंनी जवळ घेऊन एवढंच विचारलं, "अगं, समोर कोण बसलंय ते तरी बघितलंस का?" त्या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा कळला, तोही आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसामुळे.

पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. त्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हतं. विनोबांनी आणून दिलेलं मराठी भाषांतरही तिला जड गेलं. मग सोपं करून तूच का लिहीत नाहीस, असं तिने लेकाला सुचवलं. १९१८ साली आई गेली. विनोबांनी 'गीताई' लिहायला घेतली ती त्यानंतर बारा वर्षांनी, १९३० मध्ये.

१९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार ते सोबतच्या कैद्यांसमोर गीतेवर बोलले. एका रविवारी एक अध्याय, असे अठरा अध्याय. श्रोते सगळ्या थरांतले होते, म्हणून विनोबांनी पंडिती परिभाषा टाळली आणि रोजच्या जगण्यातले दाखले दिले. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. त्यांनी ती प्रवचनं भरभर उतरवून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हातात आहे. बोलणाऱ्याइतकंच श्रेय मन लावून ऐकणाऱ्याचंही असतं, ते असं.

सॉफ्टवेअरच्या नोकरीत मी चाळीस-चाळीस स्लाइड दाखवायचे. समोरचे माना डोलवायचे आणि महिन्याभराने भलतंच काही मागायचे. दोष त्यांचा, असं मी बरीच वर्षं समजत होते. आता मीटिंगच्या आधी समोर कोण येणार, त्यांना काय ठाऊक आहे आणि त्यांचं काय अडलंय, हे विचारून घेते. एका वेळी एकच मुद्दा मांडते. मग थांबून ऐकते. काम सोपं झालं.

मेळाव्यात चार शब्द बोलायला मला सांगितलंय. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसा. या वेळी कागद आणणार नाही. आधी तुमच्याकडे बघेन, मग बोलेन.