दहा टक्के इकडे, दहा टक्के तिकडे

'सुमारे' हा शब्द गणिताला चालत नाही असा आपला समज असतो. पण आर्किमिडीजने 'पाय'ची किंमत एका आकड्यात सांगितलीच नाही. ती ३ १०/७१ पेक्षा जास्त आणि ३ १/७ पेक्षा कमी आहे, एवढे त्याने सिद्ध केले. दोन टोके दिली, खरे उत्तर मध्ये कुठेतरी. संगणकाच्या हिशेबातली चूक अशीच दोन टोकांत धरायची रीत रेमन मूर यांनी १९६६ च्या 'इंटरव्हल अ‍ॅनालिसिस' या पुस्तकात मांडली.

पुढे १९८५ साली एबलसन आणि ससमन यांचे एमआयटीतले प्रसिद्ध पाठ्यपुस्तक आले. त्याची भाषा स्कीम, म्हणजे मॅकार्थींनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या लिस्पच्या घराण्यातली. सगळा कारभार कंसांत. आधी क्रिया, मग आकडे. पुस्तकातली अलिसा इंजिनिअरांसाठी प्रोग्रॅम लिहिते. ती टोकांची जोडी साठवते. इंजिनिअर मात्र म्हणतो, "शंभर ओहम, दहा टक्के." रेझिस्टरवरचा रुपेरी पट्टा हेच सांगतो. म्हणून बाहेरून मध्य आणि टक्के घ्यायचे, आत ९० आणि ११० ठेवायचे, विचारले की पुन्हा टक्के सांगायचे. मध्य शून्य असेल तर मात्र टक्क्यांना अर्थच उरत नाही.

खरी गंमत पुढे आहे. असे दोन रेझिस्टर समांतर जोडले. सूत्र दोन तऱ्हांनी लिहिता येते आणि बीजगणितात दोन्ही एकच. गुणाकाराला बेरजेने भागले तर उत्तर येते ३६.८ ते ६७.२. व्यस्तांची बेरीज करून तिचा व्यस्त घेतला तर ४५ ते ५५!

असे का? पहिल्या सूत्रात प्रत्येक रेझिस्टर दोनदा येतो, आणि दोन्ही जागी तो एकच आहे हे यंत्राला ठाऊक नसते. वर तो ११० धरते, खाली त्यालाच ९०. एकच वस्तू एकाच वेळी दोन मापांची कशी असेल? पहिले उत्तर खोटे नाही, खरे उत्तर त्याच्या पोटात आहेच. पण इतके फुगलेले उत्तर घेऊन इंजिनिअरने करायचे काय? आकड्यातली शंका लिहून ठेवली, तरी ती कोणाची हे विसरले की ती दोनदा मोजली जाते.

घरात कोणी प्रोग्रॅमिंग शिकत असेल तर त्याला हे कागदावर करायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे. काय म्हणतो ते मला जरूर कळवा.