ब्रिटिश नौदलातील डर्क : कालनिश्चितीची प्रमाणे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश नौदलात ‘डर्क’ ही आखूड कट्यार रूढ झाली. जहाजाच्या अरुंद जागेत लांब तलवार अडचणीची ठरे. म्हणून अधिकारी, व विशेषेकरून मिडशिपमन हे उमेदवार, कमरेला डर्क लावीत. संग्राहकांत या शस्त्राला मोठी मागणी असल्याने त्याच्या काळाविषयीचे दावेही पुष्कळ केले जातात. ते कोणत्या कसोटीवर तपासावयाचे, हा खरा प्रश्न होय.

अधिकाऱ्यांच्या तलवारींचे नमुने १८०५ मध्ये नियमाने ठरले. डर्कचा अधिकृत नमुना मात्र १८५६ मध्ये आला. सिंहमुखी माथा, पांढऱ्या मत्स्यचर्माने मढविलेली मूठ व सरळ पाते ही त्याची लक्षणे होत. १८७९ मध्ये पाते अधिक लांब करण्यात आले. या कालखंडातील डर्कवर राजाक्षरे कोरलेली असल्यास काळाची मर्यादा आणखी आखता येते. कारण व्हिक्टोरियाची राजवट १९०१ मध्ये व सातव्या एडवर्डची १९१० मध्ये संपली.

१८५६ पूर्वीच्या डर्कबाबत हा आधार मिळत नाही. त्या काळी प्रत्येकजण आपल्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे डर्क घडवून घेई. हस्तिदंती मूठ, निळे-सोनेरी पाते किंवा वक्र पाते यांवरून फार तर प्रचलित अभिरुची कळते. वर्ष कळत नाही. नांगराचे चिन्ह समुद्राशी संबंध सुचविते, पण ते दर्जा सिद्ध करीत नाही. काही पाती तर जुन्या तलवारी कापून केलेली असल्याने पात्याचे वय हे डर्कचे वय असेलच असे नाही.

अशा वेळी दोन प्रमाणे अधिक भरवशाची ठरतात. पहिले, म्यानावर कोरलेला कारागिराचा पत्ता. लंडनच्या जुन्या व्यापारी निर्देशिकांशी तो ताडून पाहता येतो. दुसरे, चांदीवरील ठसे. १७८४ ते १८९० या काळात करदर्शक म्हणून राजमुखाचा ठसा मारला जाई, आणि वर्षाक्षर स्पष्ट असल्यास नेमके वर्षही मिळते. तथापि म्यान व डर्क मुळात एकमेकांचेच आहेत, हे आधी पाहिले पाहिजे.

ही प्रमाणे नसतील, तर ‘ट्रफाल्गरच्या लढाईतील डर्क’ हे वर्णन किंमत वाढविते, ज्ञान वाढवीत नाही. ‘सुमारे १८०० ची, मालक अज्ञात’ ही साधी नोंदच अभ्यासकाच्या अधिक उपयोगाची होय.