पंधरा न्यायाधीशांचें न्यायासन

वॉल्टर स्कॉट हा आमच्या वाचकांस कादंबरीकार म्हणून परिचित आहे. परंतु कोर्ट ऑफ सेशन ह्या स्कॉटलंडच्या श्रेष्ठ दिवाणी न्यायालयांत तो १८०६ पासून मुख्य कारकुनांपैकीं एक होता, हें फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. त्या न्यायालयाच्या सुधारणेचा प्रश्न निघाला तेव्हां एडिंबरोच्या वकीलमंडळांत त्यानें सुधारणेस कडाडून विरोध केला. सभेनंतर वाटेंत सुधारक मित्र थट्टा करूं लागले. तेव्हां, तुम्ही थोडें थोडें करून स्कॉटलंडचें स्कॉटलंडपण नाहींसें कराल, अशा अर्थाचें बोलून त्यानें तोंड फिरविलें. त्याच्या डोळ्यांत पाणी होतें, असें त्याचा जामात व चरित्रकार लॉकहार्ट सांगतो.

१७०७ च्या ऐक्यानें स्कॉटलंडची पार्लमेंट गेली. उरलीं तीं चर्च आणि कायदा. तहाच्या १९ व्या कलमानें हें न्यायालय कायम राखिलें, पण त्याच कलमानें ब्रिटिश पार्लमेंटास त्याच्या सुधारणेची मुभाही दिली होती.

सुधारणा अवश्य होती, हें स्कॉटविषयीं आदर बाळगूनही आम्हांस म्हणावें लागतें. १५३२ मध्यें स्थापिलेल्या ह्या न्यायालयांत पंधरा न्यायाधीश एकत्र बसत. व्यक्ति तितक्या प्रकृति! वाद बहुतेक छापील कागदांवर चाले, आणि निकाल लागल्यावरही पुन्हां अर्ज करून त्याच न्यायाधीशांपुढें जातां येई. पुढें अपिलें लंडनास लॉर्डांच्या सभेकडे जात व तेथें तुंबत.

ग्रेनव्हिलचें बिल त्याच्या मंत्रिमंडळाबरोबर १८०७ मध्यें बुडालें. १८०८ च्या कायद्यानें मात्र पंधरांच्या दोन शाखा झाल्या, एकींत आठ व दुसरींत सात. १८१५ मध्यें दिवाणी दाव्यांत ज्यूरी आली. स्कॉटलंडची जुनी फौजदारी ज्यूरी पंधरांची, बहुमतानें निकाल देणारी. ही नवी बारांची, एकमत मागणारी, म्हणजे सरळ इंग्लंडांतून आणलेली. हें कलम त्या भूमींत कधींच नीट धरलें नाहीं. उलट, वाद कशाविषयीं आहे तें आधीं लेखीं निश्चित करून घेण्याची १८२५ ची पद्धत उपयुक्त ठरली. १८३० मध्यें ज्यूरीचें स्वतंत्र कोर्ट मोडून ह्याच न्यायालयांत मिळविलें व न्यायाधीश तेरा केले.

आज त्या दोन शाखा एडिंबरोचे लोक आपला वारसा म्हणून मिरवितात. २०१४ मध्यें एक लाख पौंडांपर्यंतचे बहुतेक दावे शेरिफ-कोर्टांतच चालावेत असें ठरून ह्या न्यायालयाचें बरेंच काम खालीं गेलें. पूर्वीं ती मर्यादा पांच हजारांची होती. तो कायदा लंडनचा नव्हे. १९९९ पासून एडिंबरोस भरणाऱ्या स्कॉटलंडच्या स्वतःच्या पार्लमेंटचा होय.