विश्वास नेमका कुणावर?

हिंगोलीत वाढलेल्या माणसाला एक वाक्य लहानपणापासून ऐकायला मिळतं. पूर्वी माणसं विश्वासाची होती, आता कुणाचा भरवसा राहिला नाही. पारावर बसलेले आजोबा हे म्हणतात, बँकेच्या रांगेत उभा असलेला शेतकरी म्हणतो, आणि ओटीपीच्या फसवणुकीची बातमी वाचून आपणही म्हणतो.

पण 'पूर्वी' म्हणजे कधी? १८३०च्या दशकात हिंगोली ही निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी होती. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. १८३९ साली आलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीच्या एका व्यापाऱ्याची हकिगत दिली आहे. त्याचं नाव हरिसिंग. बाजारात पत असलेला माणूस. खुद्द टेलरचेही त्याच्याशी व्यवहार झालेले. एकदा मुंबईहून कापड आणायचं म्हणून त्याने रीतसर परवाना काढला. तसाच माल घेऊन दुसरा एक व्यापारी वाटेवर असल्याचं त्याला ठाऊक होतं. त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना मारून हरिसिंगने ते कापड आपल्या परवान्यावर हिंगोलीत आणलं आणि छावणीत उघडपणे विकलं. पकडला गेल्यावर त्याने स्वतः कबुली दिली, म्हणून हे कळलं. ठगांबद्दलच्या इंग्रजी नोंदी जपूनच वाचाव्या लागतात, हे खरं. तरी कागद खरा, शिक्का खरा आणि माणूस खोटा ही गोष्ट स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची आहे, एवढं यातून नक्की कळतं.

आता 'विश्वास' या शब्दाकडे बघू. आपण हा शब्द माणसांसाठी वापरतो: दुकानदारावर विश्वास, मित्रावर विश्वास. देवासाठी बहुधा 'श्रद्धा' म्हणतो. मराठी ख्रिस्ती बोलीत मात्र देवाच्या बाबतीतही 'विश्वास' हाच शब्द आहे. मराठी बायबलमध्ये तो पानोपानी येतो आणि ख्रिस्ताला मानणारे ते 'विश्वासणारे'. म्हणजे उधारी ज्याच्यावर चालते तो आणि तारण ज्याच्यावर अवलंबून आहे तो, दोन्ही विश्वासच. आधुनिक समाजात माणसांवरचा विश्वास उडाला आणि ख्रिस्तावरचा विश्वासही ओसरला, असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा मराठीत त्या दोन्ही तक्रारी एकाच शब्दात मावतात. त्यांचा एकमेकींशी संबंध काय, हा माझा प्रश्न आहे.

युरोपातले आकडे बोलके आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११च्या जनगणनेत ५९.३ टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचं सांगितलं होतं. २०२१मध्ये ते प्रमाण ४६.२ टक्के झालं. आयर्लंडमध्ये २०११ साली ८४ टक्के लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत होते. २०२२मध्ये ६९ टक्के. विज्ञान आलं, शिक्षण वाढलं, म्हणून देव मागे पडला, असं याचं कारण सहसा सांगितलं जातं. त्यात तथ्य आहेच. पण आयर्लंडमध्ये आणखी एक गोष्ट घडली. २००९ साली तिथे दोन चौकशी अहवाल आले. चर्चच्या ताब्यातल्या संस्थांमध्ये आणि डब्लिनच्या धर्मप्रांतात मुलांवर वर्षानुवर्षं अत्याचार झाले आणि वरिष्ठांनी ते झाकले, हे त्यांतून जाहीर झालं. देव नाही असं त्या अहवालांत कुणी सिद्ध केलं नव्हतं. देवाच्या नावाने सही करणारी माणसं खोटी निघाली होती.

माझ्या धंद्यात याला जवळचं उदाहरण आहे. ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडली की तुमचा फोन एक प्रमाणपत्र तपासतो. ते देणाऱ्या मोजक्या संस्थांची यादी फोनमध्ये आधीच भरलेली असते. तुम्ही ती कधी पाहिलेली नसते, तरी पैसे तिच्या भरवशावर पाठवता. २०११ साली डिजिनोटार या डच संस्थेत हॅकर घुसले आणि तिच्या नावाने खोटी प्रमाणपत्रं निघाली. संस्थेने ही गोष्ट काही आठवडे दडवून ठेवली. उघड झाल्यावर ब्राउझरांनी तिला यादीतून काढून टाकलं आणि त्याच महिन्यात तिचं दिवाळं निघालं. प्रमाणपत्रामागचं गणित तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे.

हेच महाराष्ट्रात कसं घडलं ते पाहू. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता आणि तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान आहे म्हणून कोर्टाने त्याचा ताबा वडिलांकडे दिला. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या पोराला जातीत परत कसं घ्यायचं? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं असा आग्रह धरला, आणि मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. नारायण शेषाद्री पुढे आपल्या मराठवाड्यात आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. पालकांच्या मनात मात्र एक गोष्ट कायमची बसली. आपण पोराला इंग्रजीसाठी पाठवतो, शाळा त्याला कशासाठी घेते?

हा संशय ताजा असतानाच पंडिता रमाबाई आल्या. संस्कृत शास्त्रांत पारंगत, दुष्काळात आईवडील गमावलेल्या, तरुणपणी विधवा झालेल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मगुरूंशी आणि आपल्या धर्ममातेशीही त्यांनी पत्रांतून वाद घातला. ख्रिस्त मानला म्हणून चर्चचा प्रत्येक शब्द मुकाट मानायला त्या तयार नव्हत्या. मग अमेरिकेत जाऊन त्यांनी पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं.

सदनाची अट स्पष्ट होती. कोणत्याही धर्माची शिकवण दिली जाणार नाही. ज्या त्या मुलीला आपला धर्म पाळायची मोकळीक राहील. हिंदू मुलींच्या स्वयंपाकाची सोय वेगळी होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर होते. त्यांच्या नावांवर भरवसा ठेवून लोकांनी आपल्या विधवा मुली तिथे पाठवल्या. त्या काळी हे केवढं मोठं पाऊल होतं, त्याचा विचार करा.

रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमा हिच्यासह प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. सदनातल्या काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे असल्याचा मजकूर अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात छापून आला आणि टिळकांच्या 'केसरी'ने तो पुण्यासमोर ठेवला. टीका वाढत गेली. १८९३च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आणि इतर सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे कुणी कुणाला फसवलं? माझ्या मते, फसवण्याच्या हेतूने कुणीच वागलं नाही. अट एकच होती, पण दोन्ही बाजूंनी ती वेगवेगळी वाचली. पालकांना ती अशी कळली होती की मुलीवर ख्रिस्ती धर्माची सावलीही पडणार नाही. रमाबाईंना ती अशी कळली होती की मुलीला जे वाटेल ते करू द्यायचं, त्यात प्रार्थनेला येऊन बसणंही आलं. मी माझं दार का बंद करू, हा त्यांचा सवाल होता. सॉफ्टवेअरमध्ये काम केलेल्या कुणालाही हे प्रकरण ओळखीचं वाटेल. एकाच वाक्यावर दोन्ही पक्ष सही करतात आणि प्रकल्प हातात आल्यावर कळतं की दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या होत्या. फरक इतकाच, की इथे मधल्यामध्ये अडकल्या होत्या त्या पंधरा-वीस वर्षांच्या विधवा. त्यांना परत जावं लागलं ते केशवपनाच्या, कोनाड्यातल्या आयुष्याकडे. त्यांचा विश्वास कुणावर होता, हे त्यांना विचारल्याची आठवण या वादात कुणी ठेवलेली दिसत नाही.

रमाबाईंच्या बाजूचा युक्तिवाद मला पटतो. पण पालकांच्या भीतीला नुसती कर्मठ म्हणून मोडीत काढता येत नाही. १८९५ साली सदनातल्या काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला. ज्याच्या हातात अन्न, निवारा आणि शिक्षण आहे, त्याच्या घरातलं उघडं दार हे पूर्णपणे तटस्थ दार नसतं. सत्ता असलेल्या माणसाने विश्वास मागताना हे लक्षात ठेवावं लागतं.

यानंतरच्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली: शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३च्या मार्चमध्ये तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. हिंदू राहूनच मुलींना शिकवणारी, पालकांचा भरवसा बसेल अशी ती जागा होती. सदनावरचा विश्वास तुटला, पण सदनाने जागी केलेली गरज पुढे गेली.

दुसरी: १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग इस्पितळात सदनातल्या एका मुलीच्या बाबतीत जे झालं, त्याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारवर आरोप केले. गव्हर्नरने ते फेटाळले. लंडनमध्ये प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध बोललेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना परत आल्यावर माफी मागावी लागली. रमाबाई आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवायलाच हवा, असं त्यांना वाटलं नाही.

तिसरी: कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली ख्रिस्ती झाले, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्ताला भारतीय वळणाने भजणारा 'देवाचा दरबार' त्यांना उभा करायचा होता. त्यांनी मिशन सोडलं, ख्रिस्त सोडला नाही.

या तिन्ही गोष्टींत विश्वास कुठेतरी तुटतो आणि तरीही संपत नाही. कारण ही माणसं संस्थेवरचा भरवसा आणि स्वतःची श्रद्धा यांचे हिशेब वेगळे ठेवतात. आयर्लंडमध्ये हे दोन हिशेब एकाच वहीत लिहिलेले होते. शाळा चर्चची, इस्पितळ चर्चचं, देवही चर्चचाच. वही जळाली तेव्हा दोन्ही गेले. ज्या समाजात श्रद्धा आणि सत्ता एकाच हातात असते, त्या प्रत्येक समाजाला हा धोका आहे, मग देवाचं नाव काहीही असो. आपल्याकडच्या बाबा-बुवांच्या मठांची नावं वेगळी सांगायला नकोत.

अशा वेळी पुन्हा विश्वास ठेवायला सांगणाऱ्यांची कमी नसते. नेते सांगतात, धर्मगुरू सांगतात, ॲपवालेही सांगतात. १८९३च्या पुण्याकडे पाहिलं तर विश्वास मागून बसत नाही. काय देणार, काय देणार नाही आणि बदल्यात काय हवं आहे, हे तिन्ही मोकळेपणाने आणि दोघांना एकाच अर्थाने कळेल असं सांगितलं, तर तो हळूहळू साठतो. मोडल्यावर चूक लपवली नाही, तर थोडाफार उरतोही. हरिसिंगच्या परवान्यावरचा शिक्का बघून माल आत सोडणाऱ्या पहारेकऱ्याने नियम पाळला होता. त्याने विचारायला हवा होता तो एकच प्रश्न राहून गेला: हे कापड तू कुणाकडून घेतलंस?