अफँटेशिया

समोर नसलेली वस्तू मनात पाहण्याची क्षमता नसणे किंवा ती अतिशय क्षीण असणे. आईचा चेहरा आठवा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तो कमी-अधिक स्पष्ट उभा राहतो. अफँटेशिया असलेली व्यक्ती आईला गर्दीतही ओळखते, तिचे वर्णन करते; आठवताना दिसत मात्र काहीच नाही. हा आजार नव्हे. याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे हायपरफँटेशियात, मनातले चित्र प्रत्यक्षाइतके ठसठशीत असते.

याची पहिली पद्धतशीर चौकशी फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने केली (१८८०). सकाळचे न्याहारीचे टेबल मनात आणा आणि त्यातला उजेड, रंग, रेखीवपणा सांगा, असे तो विचारी. त्याच्या परिचयातल्या कित्येक वैज्ञानिकांना काही दिसतच नव्हते. ‘मनात पाहणे’ हा निव्वळ बोलण्याचा अलंकार, अशी त्यांची समजूत होती. वैज्ञानिकांची प्रतिमाशक्तीच कमी असते हा गॉल्टनचा निष्कर्ष मात्र पुढच्या तपासणीत टिकला नाही.

हृदयावरील उपचारानंतर मनातली चित्रे अचानक गमावलेल्या एका रुग्णाची हकीकत एक्सेटरचे मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचून ‘आम्ही जन्मापासूनच असे आहोत’ म्हणणारे लोक पुढे आले. त्यांतल्या २१ जणांच्या अभ्यासातून २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ हे नाव रूढ झाले.

मोजमापासाठी डेव्हिड मार्क्स यांची १६ प्रश्नांची प्रश्नावली (१९७३) आजही वापरतात. तिची अडचण उघड आहे : शेवटी भिस्त सांगणाऱ्याच्या शब्दावर. त्यामुळे डोळ्याच्या बाहुलीवरचा प्रयोग (२०२२) मोलाचा ठरतो. उजळ आकृती नुसती मनात आणली तरी सामान्यतः बाहुली आकसते. अफँटेशियात ती आकसली नाही. मात्र एकाऐवजी चार आकृत्या आणायला सांगताच ती रुंदावली. मेंदूवर ताण पडल्याची ही खूण. तेव्हा ही माणसे प्रयत्नच करत नाहीत, हा आक्षेप गळून पडतो.

खोलीचे छायाचित्र पाहून ते आठवणीने काढायला सांगितले, तर यांच्या चित्रात वस्तू कमी, रंग कमी. पण पलंग, खिडकी असे जे काही असते ते योग्य जागी, योग्य आकारात. नसलेली वस्तू घुसडण्याची चूकही यांच्याकडून कमी होते. ‘काय दिसते’ आणि ‘कुठे आहे’ ही स्मृतीची दोन वेगळी खाती असावीत, असे यावरून दिसते.

प्रतिमा पूर्णपणे नसणारे सुमारे १ टक्का, अंधुक दिसणारे धरल्यास ४ टक्क्यांच्या आसपास. आकडा सीमारेषा कुठे आखावी यावर हलतो. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी आपल्याला अफँटेशिया असल्याचे सांगितले आहे, तेव्हा चित्रकल्पनेशी याचे वैर नाही. स्वतःच्या गतायुष्यातले प्रसंग तपशिलाने आठवणे मात्र अनेकांना जड जाते. आणि यांपैकी कित्येकांना स्वप्ने चित्रमयच पडतात : उणीव प्रतिमा घडवण्यात कमी, जागेपणी ती हुकमी आणण्यात अधिक असावी.