पिट लेनमधून सुरुवात

फॉर्म्युला वनची शर्यत सुटताना सगळ्यांच्या नजरा पाच लाल दिव्यांवर असतात. त्याच वेळी एखादा ड्रायव्हर मात्र पिट लेनच्या तोंडाशी, दुसऱ्याच एका लाल दिव्यासमोर, इंजिन चालू ठेवून थांबलेला असतो. बाकीच्या गाड्या त्याच्या डोळ्यांदेखत निघून जातात. शेवटची गाडी पुढे गेली की मग त्याचा दिवा हिरवा होतो.

या जागेचं मूळ 1908 सालच्या फ्रेंच ग्रां प्रीत सापडतं. दिएपजवळच्या त्या शर्यतीची एकेक फेरी सुमारे 77 किलोमीटरची होती, आणि अशा दहा फेऱ्या मारायच्या होत्या. रस्ता असा की टायरांच्या चिंध्या व्हायच्या. म्हणून रस्त्याच्या कडेला खंदक खणून त्यात संघांची माणसं आणि सामान ठेवलं होतं. ‘पिट’ हे नाव त्या खंदकांमुळे रूढ झालं. शर्यत मर्सिडीजच्या क्रिस्टियान लाउटेनश्लागरने जिंकली.

तेव्हा गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सोडत. पुढे सगळ्या एकदम सुटू लागल्या, तरी कोण कुठे उभा राहणार हे बरेचदा चिठ्ठ्या टाकून ठरे. 1933च्या मोनॅको ग्रां प्रीत पहिल्यांदा सरावातल्या वेळेवरून जागा दिल्या गेल्या. पुढची जागा कमावण्याची गोष्ट झाली, आणि त्यामुळे ती गमावण्याचीही.

पिट आणि धावता रस्ता यांच्यात भिंत यायला मात्र फार उशीर झाला. 1955च्या ल माँ शर्यतीत माइक हॉथॉर्नने पिटसाठी ब्रेक मारला, मागचा लान्स मॅक्लिन बाजूला वळला, त्याच्यावर पिएर लवेगची मर्सिडीज आदळली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक माणसं मेली. पिट वेगळे हवेत हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. 1994मध्ये इमोला इथे मिकेले आल्बोरेतोच्या गाडीचं चाक पिट लेनमध्येच निखळलं आणि मेकॅनिक जखमी झाले, तेव्हा वेगमर्यादाही आली.

ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटण्याच्या जागेवर, बंद पडलेली गाडी किती घातक ठरते, हे 1982मध्ये मॉन्ट्रियलला दिसलं होतं. दिदिए पिरोनीची उभी राहिलेली फेरारी रिकार्दो पालेत्तीला वेळेत दिसली नाही, तो गेला. ज्याची गाडी वेळेत तयार नाही त्याने भिंतीआड थांबावं आणि सर्वांच्या मागून निघावं, या नियमातलं शहाणपण अशा वेळी कळतं.

2003मध्ये या जागेचा अर्थच बदलला. पात्रता फेरीनंतर गाड्या ‘पार्क फर्मे’त जाऊ लागल्या, म्हणजे शर्यतीपर्यंत त्यांच्या मांडणीला हात लावायचा नाही. लावलाच, तर पिट लेनमधून निघायचं. शिक्षा ठरलेली असल्यामुळे तिचा हिशेबही करता येऊ लागला. ज्याला तसंही शेवटून निघायचं आहे, त्याचं आणखी काय जाणार?

हा हिशेब सर्वांत सुंदर मांडला गेला तो 4 नोव्हेंबर 2012 रोजी, अबू धाबीत. सेबास्टियन फेटलने पात्रता फेरीत तिसरी जागा मिळवली होती, पण तपासणीसाठी एक लिटर इंधन लागतं आणि त्याच्या टाकीत 850 मिलीलिटरच निघालं. निकाल रद्द, जागा शेवटची. त्याच्या रेड बुल संघाने मग गाडी सरळ पार्क फर्मेबाहेर काढली, मागून पुढच्या गाड्या गाठता याव्यात म्हणून गिअर आणि सेटअप बदलला आणि फेटलला पिट लेनमध्ये उभं केलं.

सुरुवातीलाच ब्रूनो सेनाच्या गाडीला घासून त्याचा फ्रंट विंग मोडला. निको रोसबर्ग आपल्या नारायण कार्तिकेयनच्या गाडीवर मागून चढला म्हणून सेफ्टी कार आली. तिच्या मागे चालताना डॅनियल रिकार्डोला चुकवण्याच्या नादात फेटल कडेच्या फलकावर आदळला. आत येऊन विंग बदलला, टायर बदलले, आणि पुन्हा सर्वांत मागे. तिथून एकेक गाडी मागे टाकत, शेवटच्या काही फेऱ्यांत जेन्सन बटनलाही ओलांडून तो तिसरा आला. त्या 15 गुणांशिवाय त्याचं विजेतेपद गेलं असतं. हंगामाअखेर फेटल 281, फर्नांडो अलोन्सो 278.

या वाटेची दुसरी बाजूही आहे. पिट लेनमध्ये थांबलेल्याला शर्यत सुटण्याआधीची फॉर्मेशन लॅप मिळत नाही, त्यामुळे ब्रेक थंड असतात. 2014मध्ये हंगेरीत आदल्या दिवशी लुइस हॅमिल्टनची गाडी जळाली होती. नव्या सांगाड्याची गाडी घेऊन तो निघाला आणि ओल्या ट्रॅकवर पहिल्याच फेरीत घसरून भिंतीला घासला. तरी तिसरा आला, पहिल्या जागेवरून (पोल) निघालेल्या सहकारी रोसबर्गच्या पुढे. चेन्नईच्या करुण चंडोकच्या नशिबी तेवढंही नव्हतं. 2010मध्ये बहरीनला त्याने आपल्या एचआरटी संघाची गाडी पहिल्यांदा चालवली तीच पात्रता फेरीत. पिट लेनमधून सुरुवात केली आणि दुसऱ्याच फेरीत अपघात होऊन तो बाद झाला.

मला हा नियम न्याय्य वाटतो, कारण तो चुकलेल्याला घरी पाठवत नाही. किंमत घेतो आणि शर्यतीत ठेवतो. किंमत मात्र खरीच आहे: फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदात 2025च्या हंगामापर्यंत पिट लेनमधून निघून शर्यत कुणीही जिंकलेली नाही.