बाळाचे डोके, मोहरीची उशी आणि हेल्मेट

भारतातील कितीतरी घरांत बाळाच्या स्वागतासाठी एक लहानशी उशी शिवली जाते. तिच्यात कापसाऐवजी मोहरी भरलेली असते. बंगालात, उत्तर भारतात, महाराष्ट्रात तिची नावे निरनिराळी असली तरी हेतू एकच: बाळाचे डोके छान गोल व्हावे. अलीकडे देशातील मोठ्या शहरांत याच हेतूने एक नवे साधन उपलब्ध झाले आहे, ते म्हणजे बाळाच्या डोक्याच्या मापाने बनवलेले हेल्मेट. ते महाग असते, अनेक महिने आणि दिवसाचे तेवीस तास घालावे लागते. ते घ्यावे की नाही, हा प्रश्न ज्या आईवडिलांपुढे उभा राहतो त्यांनी या साधनाचा इतिहास अवश्य जाणून घ्यावा.

नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. तिची हाडे लवचीक सांध्यांनी जोडलेली असतात आणि मधे टाळूची मऊ जागा असते. जन्मवेळी सुमारे ३४ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात ४५ ते ४६ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. वाढणारा मेंदू हाडांना बाहेर ढकलतो. ज्या बाजूला अंथरुणाचा सतत दाब असेल तिकडे वाढ अडते आणि मोकळ्या बाजूला ती होत राहते.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वीच उमगली होती. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रीक ग्रंथात तान्ह्या मुलांची डोकी हातांनी दाबून व पट्ट्या बांधून लांबट करणाऱ्या लोकांचे वर्णन आहे. पेरूमधील पाराकास येथील प्राचीन कवट्या अशाच घडवलेल्या आहेत. आपल्या उपखंडाच्या वायव्येस राज्य करणाऱ्या हूणांपैकी खिंगिल राजाच्या पाचव्या शतकातील नाण्यांवरही असे उंच, निमुळते मस्तक दिसते. त्या काळी डोक्याचा आकार ही कुळाची आणि प्रतिष्ठेची खूण होती.

त्याच तत्त्वाचा उलट दिशेने उपयोग आधुनिक वैद्यकाने केला. १९७९ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील डॉ. स्टर्लिंग क्लॅरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाकड्या डोक्याच्या बाळांसाठी हेल्मेटचा उपचार प्रसिद्ध केला. हेल्मेट कवटी दाबून गोल करते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते फुगीर बाजूला टेकून राहते आणि चपट्या बाजूला जागा रिकामी सोडते. पुढचे काम बाळाची स्वतःची वाढ करते. म्हणूनच वर्षानंतर, वाढीचा वेग मंदावल्यावर, त्याचा उपयोग फारसा उरत नाही.

हा उपचार कदाचित मोजक्या बाळांपुरताच राहिला असता. परंतु याच सुमारास बाळाला कसे निजवावे याविषयीचे पाश्चात्त्य मत पालटू लागले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथे बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला दिला जात होता; डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या लोकप्रिय पुस्तकानेही तो घरोघरी पोहोचवला. पुढे लक्षात आले की पालथ्या झोपेत अकस्मात शिशुमृत्यूचा धोका वाढतो. नेदरलँड्समध्ये १९८७ मध्ये पालथे निजवण्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सल्ला बदलला आणि १९९४ मध्ये तेथे देशव्यापी मोहीम निघाली. दशकभरात असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. हजारो जीव वाचले, आणि त्याबरोबरच मागून चपट्या झालेल्या डोक्यांची संख्याही वाढली. हे चपटेपण म्हणजे वाचलेल्या जिवांसाठी मोजलेली अल्पशी किंमत होती.

मागणी वाढली तशी हेल्मेटची बाजारपेठही उभी राहिली. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा साधनांना नियमनाखाली आणले. मात्र हेल्मेट न घालताही डोके सुधारले असते का, या साध्या प्रश्नाची यादृच्छिक चाचणी व्हायला २०१४ साल उजाडले. ती नेदरलँड्समध्येच झाली. मध्यम ते तीव्र चपटेपण असलेली ८४ बाळे निवडून निम्म्यांना सहा महिने हेल्मेट दिले गेले. दोन वर्षांच्या वयात पूर्ण सुधारणा हेल्मेट घातलेल्यांपैकी २६ टक्के बाळांत, तर न घातलेल्यांपैकी २३ टक्के बाळांत आढळली. हा फरक नगण्य होता. शिवाय घाम, दुर्गंधी, त्वचेचा दाह अशा काही ना काही तक्रारी हेल्मेट गटातील सर्वच पालकांनी नोंदवल्या.

वाद तेथे मिटला नाही. चाचणी लहान होती आणि अतितीव्र चपटेपणाची बाळे तिच्यात नव्हती. अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी, निजण्याची स्थिती बदलूनही मध्यम वा तीव्र विकृती टिकून राहिल्यास हेल्मेटला पाठिंबा दिला. कवटीचे सांधे अकाली जुळण्याचा विकार मात्र सर्वस्वी वेगळा आहे. १८५१ मध्ये रुडॉल्फ फिर्खो यांनी त्याची मीमांसा केली होती. त्यावर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते आणि हेल्मेट असलेच तर ते तिच्यानंतरचे सहायक असते. म्हणून वाकडे डोके दिसताच पहिले काम निदानाचे.

आता पुन्हा आपल्या उशीकडे वळू. २०२२ मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नयेत, असा इशारा दिला. कारण झोपेत गुदमरण्याचा धोका. आपल्या मोहरीच्या उशीलाही हाच विचार लावणे भाग आहे. आजीची माया खरी असली, तरी झोपलेल्या बाळाजवळ उशी नसणेच सुरक्षित. बाळाला उताणेच निजवावे, त्याच्या डोक्याची दिशा आलटूनपालटून बदलावी, जागेपणी आपल्या नजरेसमोर थोडा वेळ पालथे ठेवावे आणि मान एकाच बाजूला वळत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. सौम्य चपटेपण बहुधा वाढीबरोबर कमी होते, केसांखाली झाकलेही जाते. डोके गोल नसले तरी चालेल. बाळ उद्या सकाळी सुखरूप जागे व्हावे, हे अधिक महत्त्वाचे.